मुर्तिनीच्या कानांवर मतदान

माझ्या बहिणीचे कान भरवशाचे आहेत की नाही, यावर एकदा मतदान झालं. हात वर करून. डोक्यावर पंखे फिरत होते, पुढ्यात केळ्याची भजी आणि गोड चहा होता. आणि घुमणारे होले पाळणाऱ्यांच्या संघटनेचे सभासद, ज्यांतल्या निम्म्यांनी तिच्याच कानांच्या जोरावर आपले पक्षी चढ्या भावाला विकले होते, ते एकमेकांच्या तोंडाकडे बघत हात वर करत होते. मला आत बसू दिलं नाही. सभासद नसलेल्यांनी दारात उभं राहायचं म्हणे. ते बरंच झालं, नाहीतर चहाची किटली कुणाच्या तरी डोक्यात गेली असती.

आज सांगायला बसले तरी माझा आवाज चढतो. चढू दे.

माझं नाव सुगियार्ती. जावातल्या क्लातेनला जुन्या साखर कारखान्यामागं मैदान आहे, त्याच्या कोपऱ्यावर माझं पेचेलचं दुकान. उकडलेला पाला, वर शेंगदाण्याची तिखट चटणी, सोबत तळलेलं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या. मुर्तिनी माझी धाकटी बहीण. मला ती म्बाक म्हणते, म्हणजे ताई, आणि दिवसातून दहा शब्द बोलली तर त्यातला एक तोच असतो.

पाच वर्षांची होईपर्यंत ती बोललीच नाही. त्यापायी आमच्या आईनं जे ऐकून घेतलं, ते दुसरीनं ऐकलं असतं तर गाव सोडून गेली असती. "पोटुशी होतीस तेव्हा तुझ्या नवऱ्यानं कासव मारलं असणार," असं शेजारीण तोंडावर सांगायची. आमच्या बापानं आयुष्यात झुरळ मारलं नव्हतं. मग कुणीतरी एका बुवाचं नाव सुचवलं. त्यानं पाण्यावर फुंकर मारून ते पाणी तिच्या तोंडावर उडवलं. मुर्तिनीला तोंडावर पाणी उडालेलं अजून सहन होत नाही, तेव्हा तर ती किंचाळत सुटली. बुवा म्हणाला, "बघा, आतलं भूत ओरडतंय." आईनं त्याला कोंबडी देऊन नमस्कार केला. मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि मला त्या बुवाचा हात चावावासा वाटला होता.

शाळेत आणखी मजा. शाळेची घंटा म्हणजे रुळाचा टांगलेला तुकडा. तो वाजला की मुर्तिनी कानांवर हात दाबून बाकाखाली शिरायची. गुरुजींनी निष्कर्ष काढला की पोरगी बहिरी आहे. ऐकू आलेलं सोसवत नाही म्हणून जी कान झाकते, ती बहिरी! दोन वर्षं बाकाखाली काढल्यावर त्यांनी तिला घरी पाठवून दिलं.

घरी वळचणीला बापाचे चार होले टांगलेले असायचे. बाप सायकलरिक्षा ओढायचा. पहाटे पिंजरे बाहेर काढायचा, त्यांना पाणी घालायचा आणि मग रिक्षा घेऊन जायचा. मुर्तिनी त्या पिंजऱ्यांखाली बसायची. जेवायला हाक मारली तरी उठायची नाही, ताट तिथंच न्यावं लागायचं. बोलायला लागली तीही तिथंच. शाळेत जायच्या आधीच, पाचव्या वर्षी, एका सकाळी बाप पाणी घालत होता आणि ती म्हणाली, "तिसरा आजारी."

बापाच्या हातातली वाटी पडली. पोरगी बोलली म्हणून तो रडत होता, पक्ष्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. तिसरा होला टुणटुणीत दिसत होता, दाणे टिपत होता, घुमत होता. दोन दिवसांनी त्यानं खाणं सोडलं, त्याच्या छातीत घरघर सुरू झाली. बापानं मुर्तिनीला विचारलं, "तुला कसं कळलं गं?" ती म्हणाली, "शेवट ओला होता."

त्यानंतर बापानं तिला घेऊन बुवाकडं जाणं बंद केलं. आई कुरकुरली तर म्हणायचा, "पोरगी ऐकते. जगात ऐकणारी माणसं कमी आहेत, एक आपल्या घरात आहे, राहू दे."

त्या गोष्टीला नाव मिळालं ते फार उशिरा. मुर्तिनी पंचविशीच्या पुढं गेली होती. चुलतभावाच्या लग्नात कर्णे लावले होते. ती भिंतीवर डोकं आपटायला लागली आणि कपाळ फुटलं. टाके घातल्यावर मी तिला योग्यकर्ताला एका डॉक्टरणीकडं नेलं. बाई चांगली होती. दोन-तीन वेळा बोलावून, पुष्कळ विचारून तिनं सांगितलं की हिला ऑटिझम आहे, जन्मापासूनचा. समजावताना म्हणाली, "अशी माणसं स्वतःतच मग्न असतात."

मी म्हटलं, "डॉक्टर, स्वतःत? हिची वेणी सुटली तर हिला कळत नाही. पायात काटा मोडला तर संध्याकाळी सांगते. ही स्वतःत कशाला मग्न असेल? ही होल्यात मग्न असते."

डॉक्टरीण हसली. मुर्तिनीनं तिलाच विचारलं, "तुमच्या खिडकीतला पक्षी म्हातारा आहे का?" खिडकीत पक्षी नव्हता. तो पलीकडच्या इमारतीत होता. डॉक्टरणीनं नंतर कुणाला तरी चौकशीला पाठवलं, तर खरंच म्हातारा निघाला. पण त्या दिवशी माझं लक्ष पक्ष्यात नव्हतं. घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं, "इतकी वर्षं भूत, कासव, बहिरी, काय काय ऐकलं. एका बाईनं तीन भेटींत सांगितलं ते कुणाला पंचवीस वर्षांत विचारायलाही सुचलं नाही."

आता मुर्तिनी होल्यांच्या स्पर्धेची पंच कशी झाली ते सांगते.

आमच्याकडं रविवारी मैदानात उंच खांब रोवलेले असतात. माणसं पिंजरे दोरीनं वर चढवतात आणि खाली पंच रांगेरांगेनं हिंडत ऐकतात. होल्याचा सुरुवातीचा सूर, मधले ठोके आणि शेवटचा सूर, एवढ्यावर सगळं. जो पंचाला आवडला त्याच्या खांबाला छोटा झेंडा लागतो; आवाज जितका चांगला, तितका झेंडा वरच्या दर्जाचा. बघायला काहीच नसतं. पण त्या झेंड्यावर माणसं भांडतात, सोयरीक मोडतात. जिंकलेल्या नराच्या पिल्लांना जो भाव येतो, तो सांगितला तर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवणार नाही.

पाक कास्दी, पाक म्हणजे 'राव' म्हणावं तसं, हे तिथले जुने पंच, बापाचे दोस्त. ते माझ्या दुकानात पेचेल खायला यायचे आणि मुर्तिनी मागं बसून मैदानातल्या पक्ष्यांबद्दल मला जे पुटपुटायची ते कान देऊन ऐकायचे. एक दिवस त्यांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "सुगियार्ती, ही बया मी झेंडा लावायच्या आधी माझा झेंडा सांगते. आणि जिथं मी चुकतो तिथं ही चुकत नाही. हिला मी शिकवतो."

शिकवायला तीन वर्षं लागली. पक्षी ऐकायला नव्हे, ते तिला येत होतं. माणसांत उभं राहायला, खिल्ली उडवली तरी रांग न सोडायला, नाव पुकारलं की हात वर करायला. मोटारसायकलवर बसताना ती कानांवर जाड टोपडं बांधायची, मैदानात पोचली की काढून माझ्याकडं द्यायची. पहिल्यांदा ती पंचाची पांढरी टोपी घालून खांबांखाली गेली तेव्हा एक मालक ओरडला, "अरे, ही तर सायकलरिक्षावाल्याची खुळी!" वर्षभरात तोच माणूस म्हणायला लागला, "मुर्तिनीनं झेंडा लावला म्हणजे लावला."

कारण साधं होतं. ती कुणालाही ओळखत नसे. चेहरे तिच्या लक्षात राहत नाहीत. आमदाराचा पक्षी काय, पंक्चरवाल्याचा काय, वर टांगला की तिच्या लेखी तो एक आवाज. मालक पंचांना चहा पाजतात, सिगारेट देतात, पोरांची चौकशी करतात. ती चहा नाकारायची. "बाई फार सचोटीच्या आहेत," असं लोक म्हणायचे. मी विचारलं तर म्हणाली, "चहात साखर असते." आणि एकदा ऐकलेला पक्षी ती विसरत नसे. भावानं भावासारखं घुमावं तसे दोन होले एकापाठोपाठ वाजवा, ती सांगेल कुठला कोण. याला लोक देणगी म्हणतात. कसली देणगी? मी पाहिलंय तिला उन्हातान्हात पिंजऱ्याखाली बसलेली, बाकीच्या पोरी जत्रेला गेलेल्या असताना. त्याला मेहनत म्हणायला जीभ का जड होते लोकांची, ते मला कळत नाही.

हे असं चांगलं चाललं होतं, तोवर आरुम दालूचं प्रकरण झालं.

आरुम दालू, म्हणजे रातराणी, हा पाक प्रानोतोंचा होला. पाक प्रानोतो हे रस्ते बांधणारे ठेकेदार आणि संघटनेचे अध्यक्ष. आरुम दालू खरंच राजा होता. माझ्यासारख्या चटणी वाटणाऱ्या बाईचाही हात त्याच्या आवाजानं थांबायचा. लागोपाठ दोन वर्षं तो पहिला आला, मुर्तिनीनंच त्याला वरचा झेंडा दिला. त्याची पिल्लं घ्यायला सोलोहून, सुराबायाहून माणसं यायची.

तिसऱ्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धेत पिंजरे वर चढले. मुर्तिनी आरुम दालूच्या खांबाखाली आली आणि थांबली. बाकीचे पंच पुढं गेले, ही तिथंच. मग ती रांग सोडून सरळ मांडवाकडं आली. पाक प्रानोतो पाहुण्यांमध्ये बसले होते. त्यांना ती किल्ल्यांच्या जुडग्याच्या खुळखुळाटावरून ओळखायची.

"पाक प्रानोतो," ती म्हणाली, "आरुम दालू कधी मेला?"

पाक प्रानोतो हसले. "मेला? अगं, तो बघ वर घुमतोय. रविवारच्या दिवशी काय अभद्र बोलतेस?"

"तो आरुम दालू नाही. आरुम दालू मध्ये तीन ठोके देतो आणि त्याचा शेवट वर जातो. हा चार देतो आणि याचा शेवट खाली बसतो. हा दुसरा पक्षी आहे." मग म्हणाली, "मेला असेल तर वाईट वाटतं. चांगला होता."

खरं सांगते, ती सांत्वन करत होती. आरोप करायचा असतो हे तिला ठाऊकच नाही. तिला वाटलं, माणसाचा लाडका पक्षी गेला, चार शब्द बोलावेत.

कुणीतरी फिस्सकन हसलं. पाक प्रानोतोंचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा झाला. "हवा बदलली की आवाज बदलतो, एवढंही पंचाला कळू नये?"

"आवाज बसतो," मुर्तिनी म्हणाली. "ठोके बदलत नाहीत." आणि ती रांगेत परत गेली. त्या पक्ष्याला त्याच्या लायकीचा, मधला झेंडा तिनं लावला. करंडक दुसऱ्याच कुणाकडं गेला.

पंधरवड्यात सभेचं बोलावणं आलं. विषय होता, पंचांची प्रकृती. वा! आरुम दालूच्या प्रकृतीवर सभा नाही. त्याच्या नावानं विकलेल्या पिल्लांवर नाही. प्रकृती मुर्तिनीची!

पाक प्रानोतोंनी असं गोड भाषण केलं की गुळाला मुंग्या लागाव्यात. "मुर्तिनी आपलीच पोर आहे. आम्हाला तिची काळजी वाटते. तिला एक आजार आहे, तिच्या घरच्यांनीही कधी लपवलेला नाही. अशा माणसांना आवाज सहन होत नाही. आपण सगळ्यांनी तिला कानावर टोपडं बांधून येताना पाहिलंय. मित्रहो, ज्याला आवाज सोसत नाही, तो आवाजाचा पंच कसा? तिलाही विश्रांती हवी."

काळजी! ज्या माणसानं तिला कधी नावानं हाक मारली नव्हती त्याला अचानक काळजी वाटायला लागली. मी दारातून ओरडले, "आणि मागची दोन वर्षं तुमच्या पक्ष्याला पहिला नंबर दिला तेव्हा कुठं होता हा आजार? रजेवर होता?"

"बाहेरच्यांनी बोलू नये," कुणीतरी म्हणालं.

पाक कास्दी उभे राहिले. "हिचं टोपडं तुम्हाला दिसलं. मैदानात ती ते काढते, ते नाही दिसलं? अरे, धारदार सुरीला म्यान लागतं, बोथट सुरीला कोण म्यान घालतंय?" पण ते म्हातारे, त्यांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला नाही.

मुर्तिनीनं हात वर केला. तसं शिकवलं होतं ना तिला. "मतदान कशावर आहे?"

"तुझ्या प्रकृतीवर," पाक प्रानोतो म्हणाले.

"मला ताप नाही."

सगळे हसले. ती हसू संपायची वाट बघत उभी राहिली. मग म्हणाली, "आरुम दालूवर मतदान कधी आहे?"

आता कुणी हसलं नाही. पण हात मात्र वर झाले. आधी पुढच्या रांगेतले, ज्यांना रस्त्याच्या कामात पोटठेका मिळतो ते. मग त्यांच्याकडं बघून मागचे. सोलोच्या बू लीएन, बू म्हणजे बाई, त्याही सभासद होत्या, होल्यांचा मोठा व्यवसाय, त्यांनी हात मांडीवरून हलवला नाही. पाक कास्दींनी आपली पांढरी टोपी टेबलावर ठेवली आणि माझ्याशेजारून बाहेर पडले. बाकीच्यांनी भजी संपवली.

पुढचा रविवार मी विसरणार नाही. मुर्तिनी नेहमीसारखी उजाडायच्या आत उठली, न्हाली, टोपी घालून दारात उभी राहिली. मी म्हटलं, "अगं, आता नाही जायचं. त्यांनी मतदान केलं ना?"

"मतदानानं कान जातात का, म्बाक?"

"नाही गं."

"मग?"

काय सांगणार होते मी तिला? खोटं बोलणाऱ्यांचे हात जास्त होते, हे? त्याच्या पुढच्या रविवारीही ती उभी राहिली. त्याच्याही पुढच्या. तिला रविवार म्हणजे मैदान. मला रविवार म्हणजे रडू गिळायचा दिवस झाला. शेवटी मी तिला दुकानात घेऊन आले. मागच्या बाजूला केळीच्या सावलीत बाकडं टाकून दिलं. तिथून खांब दिसत नाहीत, पण ऐकू येतं.

मी भाज्या उकडायची आणि ती सांगायची, "दुसऱ्या रांगेत कडेचा. तोच पहिला." तासाभरानं मैदानातून भलत्याच पक्ष्याचं नाव पुकारलं जायचं. ती मला विचारायची, "त्यांनी ऐकलं नाही का?" पेचेल खायला आलेली माणसं हे ऐकायची. हळूहळू ती पेचेलसाठी येईनाशी झाली, मुर्तिनीसाठी यायला लागली. निकाल मैदानात लागायचा, पण पंक्चरवाला, न्हावी, शाळामास्तर असे साधे पाळणारे खरा निकाल विचारायला माझ्या केळीखाली यायचे. "बाई, माझ्या पक्ष्यात खोट काय?" मग ती सांगायची. गोड करून नाही सांगायची. एकाला म्हणाली, "काही नाही करता येणार. पण तो खूश आहे." माणूस हसत घरी गेला.

आणि मग अध्यक्षांचा माणूस आला. दुकान हलवा म्हणे. माझ्या तळणीच्या आवाजानं होल्यांना त्रास होतो! वर्षानुवर्षं मी तिथं तळतेय, तेव्हा होल्यांना त्रास नव्हता. मी झारा हातात घेऊन म्हटलं, "तुमच्या साहेबांना सांगा, मतदान घ्या माझ्या कढईवर. तोवर मी तळते. तेंपे खाणार की जाणार?" तो गेला. जाताना तेंपे घेऊन गेला, पैसे न देता.

त्याच सुमाराला बू लीएन आल्या. गाडीतून दोन पिंजरे काढले, वर फडकी. बाईंचं बोलणं थेट. "मुर्तिनी, हे दोन आरुम दालूचे मुलगे म्हणून मी घेतले. त्या स्पर्धेच्या आधी, प्रानोतोंच्या घरून. आता मोठे झालेत. ऐक."

फडकी काढली. दुपारची वेळ, पक्षी लगेच बोलेनात. मुर्तिनी बाकड्यावर बसून राहिली. गिऱ्हाइकं आली, गेली, तिला पत्ता नाही. बू लीएन दोनदा पेचेल जेवल्या. ऊन कलल्यावर एक होला घुमला, मग दुसरा. मुर्तिनी म्हणाली, "चार ठोके. शेवट खाली. यांचा बाप तो त्या स्पर्धेतला, मांडवासमोरचा. आरुम दालू नाही."

बू लीएन उठल्या. फडकी परत घातली. निघताना एवढंच म्हणाल्या, "सभेत मी हात वर केला नाही. पण विरोधातही उठले नाही. ते चुकलं."

पुढच्या स्पर्धेला पाक प्रानोतोंनी तोच पक्षी पुन्हा आरुम दालू म्हणून चढवला आणि, नवल काय, पहिला नंबरही आला. करंडक हातात घेतला तेवढ्यात बू लीएन मांडवात उभ्या राहिल्या. "हरकत आहे. वाळा बघायचा आहे."

पिल्लू आठवड्याचं असतं तेव्हा त्याच्या पायात अखंड वाळा सरकवतात, त्यावर कोरलेलं असतं ते त्याचं नावगाव. पाय वाढला की तो निघत नाही. काढायचा तर कापावा लागतो. नियमाप्रमाणं हरकत घेतली की दाखवणं भाग आहे. पाक प्रानोतो म्हणाले, पक्षी दमलाय. म्हणाले, बाई, आपले इतक्या वर्षांचे संबंध. म्हणाले, उद्या घरी या. बू लीएन हलल्या नाहीत आणि या वेळी न्हावी, पंक्चरवाला, मास्तर सगळे त्यांच्यामागं येऊन उभे राहिले. शेवटी पिंजरा खाली उतरला. पक्षी हातात धरून पाय उन्हाकडं केला. वाळा आरुम दालूचाच होता. आणि त्याला आडवी भेग होती, वर चिकटवल्याचा पिवळा डाग.

मग पाक प्रानोतोंना कबूल करावंच लागलं, खरा आरुम दालू केव्हाच मेला होता. पिंजऱ्यात साप शिरला होता. मुर्तिनीनं पहिल्यांदा विचारलं त्याच्या चार महिने आधी. त्यांनी पायातला वाळा कापून दुसऱ्याला चढवला आणि नाव विकत राहिले.

तुम्हाला वाटेल, आता सगळं ठीक झालं. थांबा, माझा राग अजून संपलेला नाही.

पाक प्रानोतोंनी अध्यक्षपद सोडलं, पिल्लांचे पैसे परत करावे लागले. नवे अध्यक्ष चार माणसं घेऊन आमच्या घरी आले, फळांची टोपली आणि एक वार्ताहर सोबत. मुर्तिनीचा सत्कार करायचा होता. मंचावर बसवून, गळ्यात पट्टा घालून, त्यावर 'विशेष मानद पंच'. वार्ताहर पोरगी मला विचारते, "एवढा आजार असूनही त्यांनी हे यश कसं मिळवलं?" आणि मुर्तिनीला म्हणते, "ताई, कानांवर हात ठेवता ना, तसा एक फोटो काढू?"

मी म्हटलं, "असूनही? बाई, बाकीच्या पंचांना काहीच आजार नव्हता. त्यांना चार ठोके तीन ऐकू आले. धडधाकट असूनही! त्यांचा फोटो काढ."

नवे अध्यक्ष घाईनं म्हणाले, "वहिनी, रागावू नका. हे देवाचं लेणं आहे. समाजाला प्रेरणा मिळेल."

कधी भूत, कधी आजार, कधी देवाचं लेणं. माणूस म्हणायला मात्र कुणी तयार नाही!

मुर्तिनी टोपलीतली खवल्यांच्या सालीची सालाक फळं मोठ्यापासून लहानापर्यंत मांडत होती. तिनं विचारलं, "मंच कुठं आहे?"

"मांडवात. सगळ्यांत पुढं."

"तिथून ऐकू येत नाही. मांडवात पंखे असतात."

"ऐकायचं नाही हो, बसायचं फक्त. मानाचं आहे."

"मग पंच का लिहिलंय?"

तिनं पुढं विचारलं, "ते मतदान रद्द केलं का?"

अध्यक्ष घुटमळले. "आता झालं गेलं... इतिवृत्तात ते खोडणं म्हणजे... सगळ्यांनीच हात वर केले होते, सगळ्यांना वाईट दिसेल."

"चुकीचं होतं ते," मुर्तिनी म्हणाली. आवाज चढवला नाही, पण फळांची ओळ तिनं हातानं मोडली. माझी बहीण रागावली की वस्तू मांडत नाही. "मी आजारी नव्हते. मी बरोबर ऐकलं होतं. चूक आहे ते खोडायचं." आणि ती उठून मागच्या अंगणात गेली, पिंजऱ्यांखाली. सत्काराची मंडळी निघून गेली. मतदान आजही खोडलेलं नाही. संघटनेच्या खोलीतल्या भिंतीवर आता आरुम दालूचा फोटो आहे, मुर्तिनीचा नाही.

पाक कास्दी आणि बू लीएन यांनी मग वेगळी वाट काढली. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी फुटबॉलचं मैदान आहे. तिथं खांब रोवले. कर्णे नाहीत, भाषणं नाहीत, मांडव नाही. नावनोंदणी करताना मालकाचं नाव कुणी वाचत नाही, पिंजऱ्याला नुसती मिटलेली चिठ्ठी, ती निकालानंतरच उघडायची. मुख्य पंच मुर्तिनी, पगार बाकीच्यांइतकाच. नव्या पंचांना ती शिकवते. फार बोलत नाही, त्यांना खांबाखाली उभं करते आणि चुकलं की म्हणते, "परत." एका तरुण पंचानं मला सांगितलं, "बू, बाकीचे गुरू चुकलो की चिडायचे नाहीतर समजून घ्यायचे. या दोन्ही करत नाहीत. या फक्त परत ऐकायला लावतात." आता तिथं तीन जिल्ह्यांतून पक्षी येतात. कारखान्यामागच्या मैदानावर रविवारी पोरं पतंग उडवतात आणि माझं दुकानही मी वर हलवलंय. कुणी हलवा म्हटलं म्हणून नव्हे.

यंदाच्या पावसाळ्यानंतरच्या स्पर्धेत काय झालं ते सांगते आणि चटणी वाटायला उठते. एका नव्या होल्याला तिनं सगळ्यांत वरचा झेंडा लावला. चिठ्ठी उघडली तर मालकाचं नाव, पाक प्रानोतो. गप्प उभे होते ते, मागं, किल्ल्या खिशात दाबून. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तिला कोपऱ्यात ओढलं. "अगं, याला? या माणसाला पहिला नंबर?"

"माणसाला नाही," ती म्हणाली. "पक्ष्याला."

"ज्यानं तुझ्याविरुद्ध हात वर करायला लावले, त्याच्या घरी करंडक जाणार!"

"शेवट वर जातो त्याचा, म्बाक. तू ऐकलंस का?"

मी ऐकलं नव्हतं. मला ऐकायचंही नव्हतं. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही, याचा मला आणखी राग आला.